फायरवॉलच्या अ‍ॅडमिन पानासाठी वेगळं पोर्ट: वाचनालयाच्या नेटवर्कच्या नोंदी

शनिवार, ७ जून २०२५

सकाळी अकराच्या सुमारास ग्रंथपाल काकांचा फोन आला. अभ्यासिकेतल्या एका मुलानं त्यांना आपला मोबाइल दाखवला होता. वायफायच्या माहितीत ‘गेटवे’ म्हणून जो पत्ता दिसतो, तो त्यानं ब्राउझरमध्ये टाकून पाहिला आणि समोर लॉगिनचं पान आलं. आपल्या फायरवॉलचं, म्हणजे वाचनालयाचं नेटवर्क आणि इंटरनेट यांच्यामध्ये बसून ये-जा तपासणाऱ्या यंत्राचं. काका म्हणाले, “अगं, हे कुणालाही दिसायला हवं का?”

नको. आणि ते दिसतं हे मला आधीच ठाऊक असायला हवं होतं, कारण दोन वर्षांपूर्वी ही फायरवॉल मीच बसवली. तेव्हा बाहेरून, म्हणजे इंटरनेटच्या बाजूनं, ते पान बंद असल्याची खात्री केली होती. आतल्या बाजूचा विचार केला नव्हता.

आपलं वाचनालय तालुक्याच्या गावातलं, ब वर्गातलं. फायरवॉल म्हणजे केबलसाठी चार नेटवर्क पोर्ट असलेला बिनपंख्याचा मिनी पीसी, त्यावर ओपीएनसेन्स या फायरवॉल प्रणालीची २५.१ मालिका. पोर्टांची नावं तिच्या तळाशी असलेल्या फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पद्धतीनं आयजीसी० ते आयजीसी३. शून्यावर फायबरचं नेट येतं. एकवर कार्यालय: हिशेबाचा संगणक, देवघेवीची नोंद ठेवणारा संगणक आणि स्कॅन केलेल्या जुन्या अंकांचा सर्व्हर. दोनवर अभ्यासिकेचं वायफाय. तीन नंबरचं पोर्ट पहिल्या दिवसापासून रिकामं आहे.

पासवर्ड लांबलचक आहे आणि लागोपाठ चुकीचे प्रयत्न झाले की तो पत्ता अडवला जातो. तरी मी निश्चिंत नाही. गेल्या तीन वर्षांत मोठ्या कंपन्यांच्या उपकरणांत जे घडलं त्यात पासवर्ड किती चांगला आहे हा प्रश्नच आला नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये फोर्टिनेटच्या अ‍ॅडमिन पानातली त्रुटी (तिचा नोंदणी क्रमांक सीव्हीई-२०२२-४०६८४), ऑक्टोबर २०२३ मध्ये सिस्कोच्या आयओएस एक्सई वेब पानातली (सीव्हीई-२०२३-२०१९८, गंभीरता १० पैकी १०), नोव्हेंबर २०२४ मध्ये पालो अल्टोच्या अ‍ॅडमिन पानातली (सीव्हीई-२०२४-००१२). तिन्ही ठिकाणी लॉगिनला बगल देऊन आत शिरता येत होतं. ज्याला पान गाठता आलं, त्याला कुलूप उघडायची गरज उरली नाही. जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या सीसा या सायबरसुरक्षा संस्थेनं तिथल्या सरकारी कार्यालयांना आदेशच काढला, क्रमांक २३-०२: इंटरनेटवर उघडी पडलेली अशी पानं सापडली की १४ दिवसांत आत घ्या.

आपल्या अभ्यासिकेत रोज चाळीसेक मोबाइल वायफायला जोडलेले असतात. मुलं चांगली आहेत, पण त्यांच्या मोबाइलमध्ये काय काय बसलेलं आहे हे त्यांनाही सांगता येणार नाही. चाळीस अनोळखी यंत्रांना फायरवॉलचं लॉगिन दिसणं म्हणजे ते जवळजवळ बाहेर उघडं असल्यासारखंच आहे.

ठरलं: फायरवॉलचा कारभार फक्त तीन नंबरच्या पोर्टवरून. बाकी कुठूनही नाही.

रविवार, ८ जून

घरी बसून आखणी केली. प्रशासनाच्या पोर्टला १९२.१६८.९९.१ हा पत्ता, मागे /२९, म्हणजे वापरण्याजोगे सहाच पत्ते. डीएचसीपी, म्हणजे पत्ते आपोआप वाटणारी सेवा, नाही. माझ्या लॅपटॉपला हातानं १९२.१६८.९९.२ द्यायचा. या पोर्टवरून इंटरनेटही नाही. फायरवॉलचे अपडेट ती स्वतःच्या बाहेरच्या पोर्टवरून आणते, तिला या बाजूनं वाट लागत नाही.

स्विचमध्ये वेगळी व्हीलॅन (त्याच केबलींवर सेटिंगनं आखलेलं वेगळं नेटवर्क) काढूनही हेच करता आलं असतं. पोर्ट नसतं तर तेच केलं असतं. पण रिकामं पोर्ट आहे, आणि व्हीलॅन नीट राहिली आहे की नाही हे स्विचच्या सेटिंगवर अवलंबून. केबल डोळ्यांना दिसते. कपाट उघडून काकाही सांगू शकतील की तीनमध्ये केबल आहे की नाही.

शनिवार, १४ जून

आठच्या एसटीनं पोचले. कशालाही हात लावण्याआधी सेटिंगचा बॅकअप उतरवून घेतला आणि पेनड्राइव्हवर ठेवला.

आयजीसी३ चालू केलं, नाव दिलं ‘प्रशासन’, पत्ता दिला, लॅपटॉप जोडला. पान उघडलं नाही. हे अपेक्षित होतं: नव्या पोर्टवर एकही रूल (काय जाऊ द्यायचं, काय अडवायचं याचा नियम) नसतो, आणि रूल नाही म्हणजे सगळं बंद. परवानगीचा एक रूल टाकला. कुठून: प्रशासनाचं नेटवर्क. कुठे: ‘ही फायरवॉल’. पोर्ट क्रमांक ४४३ (वेब पान) आणि २२ (एसएसएच, म्हणजे दुरून कमांड द्यायची सोय); हे पोर्ट म्हणजे केबलच्या जागा नव्हेत, यंत्रातल्या सेवांचे क्रमांक. पान उघडलं.

मग सिस्टिम, सेटिंग्ज, अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये गेले. तिथे वेब पान कोणकोणत्या पोर्टांवर ऐकेल याची यादी असते. ‘सर्व’ काढून फक्त ‘प्रशासन’ ठेवलं. शेलमध्ये (कमांड द्यायच्या पडद्यावर) सॉकस्टॅट चालवून कोण कुठे ऐकतं आहे ते पाहिलं. आधी लाइटटीपीडीच्या, म्हणजे ते वेब पान दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, ओळीत पत्त्याच्या जागी फुली आणि पुढे ४४३ होतं, म्हणजे सगळ्या पत्त्यांवर कान उघडे. आता तिथे १९२.१६८.९९.१ आणि ४४३. म्हटलं, झालं.

मोबाइल घेऊन अभ्यासिकेत गेले. अभ्यासिकेचा गेटवे १९२.१६८.२०.१ टाकला. उघडलं नाही. सहज म्हणून १९२.१६८.९९.१ टाकला.

लॉगिनचं पान आलं.

जिन्यात बसून दहा मिनिटं विचार केला. कारण एकदा कळल्यावर सरळ आहे, पण कळेपर्यंत मनात एक चुकीचं चित्र घट्ट बसलेलं असतं, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

माझ्या मनातलं चित्र असं: ९९.१ हा पत्ता तीन नंबरच्या पोर्टचा आहे, म्हणून त्याच्यापर्यंत जायला तीन नंबरच्या पोर्टमधूनच शिरावं लागेल. हे खरं नाही. ९९.१ हा पत्ता त्या पोर्टचा म्हणून लिहिलेला असला, तरी तो अख्ख्या यंत्राचा पत्ता असतो. अभ्यासिकेतला मोबाइल ९९.१ साठी पॅकेट (माहितीचा छोटा गठ्ठा) पाठवतो. मोबाइलला हा पत्ता आपल्या नेटवर्कातला दिसत नाही, म्हणून तो पॅकेट गेटवेकडे देतो. गेटवे म्हणजे फायरवॉलच. पॅकेट दोन नंबरच्या पोर्टमधून आत येतं, अभ्यासिकेच्या रूलांपुढे उभं राहतं, तिथे लिहिलेलं असतं ‘अभ्यासिकेतून कुठेही जाऊ द्या’, आणि ते पास होतं. आत आल्यावर यंत्र बघतं: हा पत्ता तर माझाच. पॅकेट कुठेही पुढे पाठवायची गरज नाही, थेट वेब पानाच्या हातात. तीन नंबरचं पोर्ट या सगळ्यात कुठेच येत नाही. केबल काढून ठेवली तरी फरक पडला नसता.

म्हणजे ‘अमुक पोर्टवर ऐक’ या सेटिंगचा खरा अर्थ ‘अमुक पत्त्यावर ऐक’ एवढाच आहे. आणि पॅकेटची तपासणी ते कोणत्या पत्त्याला निघालं आहे त्या पोर्टवर होत नाही, ते ज्या पोर्टमधून शिरलं त्या पोर्टवर होते. राखणदार प्रत्येक दाराशी वेगळा आहे. मी तिसऱ्या दाराशी कडक माणूस उभा केला आणि दुसऱ्या दाराच्या माणसाला ‘सगळ्यांना सोड’ ही जुनीच सूचना राहू दिली.

कुलूप लावायचं तर ते अभ्यासिकेच्या आणि कार्यालयाच्या रूलांत लावायला हवं. नवं पोर्ट ही फक्त आपल्याला आत यायची जागा.

रविवार, १५ जून

ऐकण्याचं सेटिंग मुद्दाम परत ‘सर्व’वर नेलं. दोन अडसर एकदम लावले तर कोणता अडवतो आहे हे कळत नाही. आधी नुसत्या रूलांनी काम झालं पाहिजे.

अभ्यासिकेच्या यादीत सगळ्यात वर रूल टाकला: अभ्यासिकेतून ‘ही फायरवॉल’कडे जाणारं सगळं बंद. ‘ही फायरवॉल’ हा तयार शब्द वापरला, एकेक पत्ता लिहिला नाही. त्यात यंत्राचे सगळे पत्ते येतात: अभ्यासिकेचा २०.१, कार्यालयाचा १०.१, प्रशासनाचा ९९.१, बाहेरच्या पोर्टचा पत्तासुद्धा, आणि नेट देणाऱ्या कंपनीनं तो उद्या बदलला तर नवाही.

पाच मिनिटांत वरून दोन मुलं खाली आली. “ताई, नेट गेलं.” नेट गेलं नव्हतं, नावं गेली होती. मोबाइल फायरवॉललाच विचारतात की अमुक साइटचा पत्ता काय, आणि मी फायरवॉलशी बोलणंच बंद केलं होतं. परवानगीचे रूल बंदीच्या वर टाकले: डीएनएससाठी, म्हणजे या नावांच्या चौकशीसाठी, पोर्ट ५३ यूडीपी आणि टीसीपी (पॅकेट पाठवायच्या दोन पद्धती) दोन्ही, वेळेसाठी १२३ यूडीपी, आणि पिंग. इथे वरून खाली पहिला जो रूल लागू होतो तोच चालतो, त्यामुळे क्रम महत्त्वाचा. डीएचसीपीसाठी वेगळं काही करावं लागलं नाही, ती परवानगी ओपीएनसेन्स स्वतः मागे लिहून ठेवते.

मुलांचा अभ्यासाचा वेळ गेला याचं वाईट वाटलं. पुढच्या वेळी परवानग्या आधी, बंदी शेवटी.

दुसरी गोष्ट. रूल टाकायच्या आधी अभ्यासिकेच्या वायफायवरून लॅपटॉपनं फायरवॉलवर एसएसएच उघडून ठेवलं होतं. बंदी लागू केली, मोबाइलवर पान उघडेना, आणि लॅपटॉपवर कर्सर मात्र तसाच लुकलुकत होता. कमांड दिली, उत्तर आलं. पीएफ, म्हणजे फायरवॉलमधला पॅकेट तपासणारा भाग, आधी चालू जोडण्यांचा तक्ता बघतं आणि त्यात नोंद सापडली तर रूलांकडे वळतच नाही. नवा रूल नव्या जोडण्यांसाठी. जुन्या जोडण्या तोडायच्या तर तक्ता रिकामा करावा लागतो: फायरवॉल, डायग्नॉस्टिक्स, स्टेट्स. रिकामा केला, एसएसएच जागच्या जागी गोठलं. कुणी आत असताना आपण घाईनं दार लावत असू, तर हे लक्षात असणं फार गरजेचं आहे. बंदी टाकली आणि घरी गेलो तर आतला माणूस आतच राहतो.

तिसरी गोष्ट सगळ्यात उशिरा लक्षात आली. आपल्याला नेट देणारी कंपनी आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे लांब पत्ते; १९२.१६८ सारखे जुने म्हणजे आयपीव्ही४) देते, आणि फायरवॉल ते अभ्यासिकेतही वाटते. लॅपटॉपवर गेटवेचा लांब व्ही६ पत्ता शोधला, चौकोनी कंसात घालून ब्राउझरला दिला. पान उघडलं. माझ्या बंदीच्या रूलमध्ये फक्त आयपीव्ही४ निवडलेलं होतं. खाली परवानगीचे दोन रूल होते, एक व्ही४ चा आणि एक व्ही६ चा. बंदी एकाचीच. ‘आयपीव्ही४+आयपीव्ही६’ निवडलं, डीएनएसच्या परवानगीतही तेच केलं, तक्ता पुन्हा रिकामा केला. बंद.

सहा वाजता निघाले. कार्यालयाची बाजू राहिली आहे.

शनिवार, २१ जून

कार्यालयाच्या पोर्टवर तेच रूल टाकले. काही उपयोग झाला नाही, पान उघडतच राहिलं.

कारण कार्यालयाचं पोर्ट हे ओपीएनसेन्सच्या लेखी ‘लॅन’ आहे. बसवताना पहिलं आतलं पोर्ट ते म्हणून तेच नाव पडलं. आणि ‘लॅन’ या नावाला एक खास अधिकार आहे: मालकानं चुकून स्वतःलाच बाहेर कोंडून घेऊ नये म्हणून तिथून अ‍ॅडमिन पानाची वाट उघडी ठेवणारा रूल यंत्र स्वतः लिहितं, आणि तो आपल्या रूलांच्या आधी वाचला जातो. तो बंद करायची खूण फायरवॉलच्या प्रगत सेटिंगमध्ये आहे. खूण केली. कार्यालयातून पान बंद झालं, प्रशासनाच्या पोर्टवरून चालू राहिलं. एसएसएचही बंद करून टाकलं, लागेल तेव्हाच चालू करायचं.

यानंतर जे झालं ते पूर्ण लिहिते.

जुन्या अंकांच्या सर्व्हरचं पान फायरवॉलवरच्या प्रॉक्सीतून (मध्ये बसून पान पुढे देणाऱ्या सेवेतून) द्यायचा बेत आहे, त्याला ४४३ मोकळा हवा. म्हणून अ‍ॅडमिन पानाचा पोर्ट ४४३ वरून ८४४३ केला आणि सेव्ह दाबलं. ब्राउझर नव्या पत्त्याकडे वळला आणि थांबला. माझ्या हातानं लिहिलेल्या परवानगीत ४४३ च होतं. यंत्रानं लिहिलेला रूल पोर्ट बदलला की स्वतः बदलतो. माझा बदलत नाही, आणि यंत्राचा मी तासाभरापूर्वीच काढून टाकला होता. कुठूनच वाट नाही. अभ्यासिकेचं नेट व्यवस्थित चालू होतं, फक्त कारभार कुणालाच करता येत नव्हता.

देवघेवीच्या टेबलावरचा मॉनिटर आणि कीबोर्ड काकांनी उचलून आणून दिला. दुपारची वेळ, पुस्तकं बदलायला आलेले दोघं आजोबा शांतपणे बाकावर बसून राहिले. फायरवॉलला मॉनिटर जोडला, रूटनं (मुख्य खात्यानं) लॉगिन केलं. कन्सोलवर, म्हणजे या थेट जोडलेल्या पडद्यावर, शून्य ते तेरा असे पर्याय येतात. तेरावा म्हणजे जुना बॅकअप परत आणणं. प्रत्येक सेव्हला यंत्र आपण होऊन एक प्रत ठेवत असतं, त्यांची यादी वेळेसकट आली. पोर्ट बदलण्याच्या आधीची प्रत निवडली, यंत्र पुन्हा सुरू केलं. तीनेक मिनिटांत पान परत.

आठवा पर्याय, शेल, आणि तिथे पीएफसीटीएल या कमांडनं फिल्टरच (सगळी तपासणीच) बंद करणं हाही एक उपाय लोक करतात. मी केला नाही. फिल्टर बंद झालं की एका इंटरनेट पत्त्यावर सगळ्यांना बाहेर नेणारी सोयही त्याबरोबर बंद पडते, म्हणजे सगळ्यांचं नेट जातं, आणि तेवढा वेळ यंत्र चहूबाजूंनी उघडं. कुणाला करावंच लागलं तर आधी बाहेरची केबल काढावी.

घरी येताना एसटीत एकच विचार: तो स्वतःला वाचवणारा रूल मी वैऱ्यासारखा काढून टाकला. तो वाईट नाही. तो चुकीच्या पोर्टवर आहे.

शनिवार, २८ जून

आज गावी गेले नाही. नवी आखणी कागदावर केली.

‘लॅन’ हे नाव तीन नंबरच्या पोर्टलाच द्यायचं. मग स्वतःला वाचवणारा रूल आपोआप तिथे जाऊन बसेल, जिथे तो असायला हवा. तो चालू ठेवायचा. पोर्ट बदलला तरी तो बरोबर बदलेल. कार्यालय आणि अभ्यासिका दोन्ही साधी पोर्टं होतील, कुणालाच खास अधिकार नाही.

अडचण एक आहे: रूल, डीएचसीपी, सगळं नावाला चिकटलेलं असतं, पोर्टाला नाही. नावांची अदलाबदल केली की कार्यालयाचे रूल नावाबरोबर तिसऱ्या पोर्टवर जातील. म्हणून कार्यालयासाठी सगळं नव्यानं लिहावं लागेल. कार्यालयात ठरावीक पत्ते असलेली पाच यंत्रं आहेत, त्यांचे पत्ते वहीत उतरवले. हे काम वाचनालय उघडं असताना करायचं नाही.

कार्यवाह सरांशी फोनवर बोलणं झालं. त्यांचा प्रश्न बरोबर होता: “तू पुण्याला असतेस. मध्येच काही लागलं तर काय?” दोन पर्याय सांगितले. एक, काहीही लागलं तरी मी येणार. दोन, वायरगार्डचा बोगदा (इंटरनेटवरून आत येणारी, किल्लीनंच उघडणारी खाजगी वाट), त्यातून फक्त ९९.१ च्या अ‍ॅडमिन पोर्टपर्यंत परवानगी, आणि किल्ली एकच, माझ्या लॅपटॉपमध्ये. वायरगार्ड बरोबर किल्लीशिवाय आलेल्या पॅकेटला उत्तरच देत नाही, त्यामुळे बाहेरून चाचपणाऱ्याला तिथे काही आहे हेही कळत नाही. आपल्याला बाहेरून गाठता येईल असा व्ही४ पत्ता मिळत नाही, कंपनी अनेक ग्राहकांना एकाच पत्त्यामागे ठेवते, पण व्ही६ वरून बोगदा लागतो.

मी दुसऱ्याच्या बाजूनं बोलले. ही आणखी एक वाट आहे हे खरं. पण एखादी त्रुटी बुधवारी जाहीर झाली आणि मी शनिवारी पोचले, तर मधले तीन दिवस वाचनालय उघडं. त्यापेक्षा एका किल्लीची वाट बरी. सरांनी होकार दिला, एका अटीवर: किल्ली रद्द कशी करायची हे कागदावर लिहून त्यांच्याकडे द्यायचं. अट रास्त आहे. लिहिलं.

रविवार, ६ जुलै, आषाढी एकादशी

वाचनालय बंद. काका सकाळी विठ्ठलाच्या देवळात जाऊन आले, मला साबुदाण्याची खिचडी आणली, आणि दिवसभर थांबले.

क्रम असा ठेवला. बॅकअप. मॉनिटर आणि कीबोर्ड आधीच जोडून ठेवला. कन्सोलवरून पहिल्या पर्यायानं नावांची वाटणी: लॅन म्हणजे आयजीसी३. दुसऱ्या पर्यायानं लॅनला ९९.१. मग लॅपटॉप तीनला लावून बाकीचं वेब पानावरून. कार्यालयाला आयजीसी१, नवं नाव, तोच जुना १०.१ पत्ता, डीएचसीपी, पाच यंत्रांचे ठरावीक पत्ते. कार्यालय आणि अभ्यासिका दोन्हीकडे रूलांचा एकच साचा: डीएनएस, वेळ, पिंग यांना परवानगी, ‘ही फायरवॉल’ला जाणारं बाकी सगळं बंद, व्ही४ आणि व्ही६ दोन्ही, आणि या बंदीची नोंद लॉगमध्ये, मग अभ्यासिकेतून कार्यालयाकडे बंदी, शेवटी बाहेर जायला परवानगी. स्वतःला वाचवणारा रूल परत चालू. लॅनबरोबर आलेले ‘कुठेही जाऊ द्या’वाले जुने रूल काढून टाकले, प्रशासनाच्या पोर्टवरून इंटरनेट नको आहे.

हे सगळं रूलांनी चालतं हे पाहिल्यावरच ऐकण्याचं सेटिंग पुन्हा फक्त लॅनवर आणलं. यादीत ‘सर्व’ पुढे ‘शिफारस’ असं लिहिलेलं असतं, आणि त्याला कारण आहे. ज्या पोर्टला पत्ता उशिरा मिळतो, डीएचसीपीवरचं किंवा बोगद्याचं, त्यावर पान बांधून ठेवलं तर सुरू होताना पत्ताच नसेल आणि पान उठणार नाही. आपला पत्ता पक्का लिहिलेला आहे आणि पोर्ट यंत्रातलंच आहे. तरी विश्वास ठेवला नाही, करून पाहिलं. तीनची केबल काढली, वीज बंद केली, पाच मिनिटं थांबून चालू केली. पूर्ण उठल्यावर केबल लावली. पान आलं. पावसाळ्यात आपल्याकडे वीज दिवसातून दोनतीनदा जाते, बॅटरी प्रत्येक वेळी पुरतेच असं नाही. ही चाचणी चुकवून चाललं नसतं.

मग ४४३ चं ८४४३ केलं. श्वास रोखून. पान नव्या पोर्टवर आलं. यंत्राचा रूल बरोबर वळला होता. वायरगार्डच्या रूलमध्ये नवा पोर्ट हातानं घातला, आणि वहीत लाल पेनानं लिहिलं: पोर्ट बदलल्यास हा रूल हातानं बदलणे.

दुपारी एनमॅप, म्हणजे कोणते पोर्ट उघडे आहेत ते तपासणारं साधन. अभ्यासिकेच्या वायफायवरून फायरवॉलचा प्रत्येक पत्ता, १ ते ६५५३५ सगळे टीसीपी पोर्ट. १०.१, २०.१, ९९.१, बाहेरचा पत्ता, दोन व्ही६ पत्ते. वेळ खूप लागतो, कारण बंद पोर्टकडून नकारही येत नाही, नुसती शांतता. प्रत्येक पत्त्यावर एकच पोर्ट उघडा: ५३. कार्यालयाच्या संगणकावरूनही तेच.

काकांनी विचारलं, “म्हणजे आता मलापण दिसणार नाही?” नाही, काका. तुमच्या टेबलावरूनही नाही.

शनिवार, १२ जुलै

छोटी कामं उरकली. वायफायच्या डब्याचं आणि स्विचचं स्वतःचं अ‍ॅडमिन पान असतंच. स्विचचं प्रशासनाच्या बाजूला नेलं. वायफायच्या डब्याला तशी सोय नाही, त्याचं वेब पान बंद करता आलं तेवढं केलं. तो बदलायला हवा, पुढच्या अंदाजपत्रकात लिहून दिलं.

कपाटात पिवळी केबल टांगली आहे, तिला चिठ्ठी: ‘फायरवॉल, पोर्ट ३. काम झाल्यावर काढून ठेवणे.’ रूटचा पासवर्ड आणि कन्सोलच्या तेराव्या पर्यायाच्या पायऱ्या सीलबंद पाकिटात, काकांच्या तिजोरीत. लॉग १८० दिवस ठेवायचे असं ठरवलं. सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत तोच आकडा आहे, तोच धरला.

चार वाजता तो मुलगा भेटला, ज्यानं गेल्या महिन्यात काकांना मोबाइल दाखवला होता. मी त्याचे आभार मानले. तो जरा बावरला, त्याला वाटलं होतं रागावतील. त्याला कार्यालयात बसवलं, पिवळी केबल लावली आणि लॉगचं थेट दृश्य उघडलं. “टाक बघू तोच पत्ता.” त्यानं मोबाइलवर २०.१ टाकला. पडद्यावर लाल ओळ आली: वेळ, अभ्यासिकेचं पोर्ट, त्याच्या मोबाइलचा पत्ता, आणि शेवटी मी रूलला दिलेलं नाव, ‘फायरवॉलकडे बंदी’. मग मी त्याला ९९.१ टाकायला सांगितलं. पुन्हा लाल ओळ, आणि पोर्टच्या रकान्यात पुन्हा अभ्यासिकाच.

तो त्या रकान्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “ताई, पत्ता तिकडचा आहे, पण मी तर इकडूनच आलो ना.”

मला हे कळायला जिन्यात दहा मिनिटं लागली होती. मी त्याला व्ही६ चा लांब पत्ता वहीतून वाचून दाखवायला लागले, तो एकेक अक्षर टाकत गेला, आणि तिसरी लाल ओळ आली.